आग्नेयेकडे तोंड करून

किन्हवलीत दिशा सांगायला माणूस भेटला नाही तर छपरांकडे बघावं. कौलांवर, पत्र्यांवर, नव्या स्लॅबच्या कठड्यांवर डिशच्या छत्र्या बसल्या आहेत आणि सगळ्यांची तोंडं आग्नेयेला आहेत. नाणेघाट आणि गोरखगड यांच्या मधलं जे आभाळ, साधारण तिकडे. जरा निरखलं तर त्यांच्यातही फरक दिसतो. ज्याचा उपग्रह ८३ अंश रेखांशावर आहे त्याची छत्री दक्षिणेला झुकते. १०८ अंशांवरचा धरायचा तर ती पूर्वेकडे वळवावी लागते. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशांवर, दोघांच्या मध्ये. कुणाच्या घरी कुठली जोडणी आहे हे दार न वाजवता, रस्त्यावरून चालता चालता, छत्रीच्या मानेवरून ओळखता येतं.

माझ्या लहानपणी हीच छपरं नैऋत्येला बघायची. तिकडे मुंबई, वरळीचा मनोरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत टीव्ही यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. ज्याच्या घरी तो आला त्याच्या छपरावर उंच बांबू चढला, बांबूच्या शेंड्याला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आणि त्याच्या जोडीला बूस्टर. वरळी इथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत डोंगर. येणारी लहर वाटेतच दमायची. पडद्यावर मुंग्या असायच्या आणि मुंग्यांच्या आडून रामायण चालायचं. एक जण छपरावर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर. वरून ‘आलं का?’, आतून ‘आलं, आलं! राहू दे तसंच’, आणि हात सोडला की परत मुंग्या. दर रविवारी सकाळी एकेका टीव्हीसमोर अख्खी आळी बसायची. चित्र धूसर आहे म्हणून कुणी उठून गेल्याचं मला आठवत नाही.

१६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनची मोफत डिश-सेवा सुरू झाली, खासगी कंपन्याही त्याच सुमारास आल्या, आणि काही वर्षांत गावाची मान काटकोनापेक्षा थोडी जास्त वळली. वरळीवरून आभाळावर आली. या वळणाचं मला फार अप्रूप वाटतं. डोंगराआडची लहर मिळवायला बांबू कितीही उंच करा, तो पुरायचा नाही. आभाळातून येणाऱ्या लहरीला माहुलीचा डोंगर आड येत नाही. ती मलबार हिलवर आणि डोळखांबच्या पाड्यावर जवळजवळ सारख्याच ताकदीने उतरते. ती धरायची कशी, एवढंच आपल्याकडे उरतं.

आणि ती ताकद किती क्षीण! तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्याच चालीने फिरतो म्हणून आपल्याला एका जागी खिळलेला भासतो. त्याच्यावरच्या एकेका ट्रान्सपॉन्डरची शक्ती शंभर-दीडशे वॅटच्या घरात. ती सगळ्या देशावर पसरते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीत पडतं त्याचं माप करायचं तर एका वॅटचे एक लाख कोटी भाग करावेत आणि त्यातले एक-दोन उचलावेत. एवढ्यावर घरात बातम्या येतात, भजन येतं, क्रिकेट येतं.

पावसाळ्यात पन्हाळीखाली हंडा ठेवतात. पाऊस सगळ्या अंगणात सारखाच पडत असतो. हंडा भरतो तो पन्हाळीमुळे. छत्रीचं काम तेच आहे, पण तिला आणखी एक अट पाळावी लागते. तिच्या पृष्ठभागावर कुठेही पडलेली लहर एकाच बिंदूला पोचली पाहिजे आणि सगळ्या लहरी एकाच क्षणी, पावलाला पाऊल लावून पोचल्या पाहिजेत. पॅराबोला या आकाराला ते साधतं. आपल्या डिशची लहर अडीच सेंटिमीटर लांबीची असते, आणि पृष्ठभागातली चूक तिच्या सोळाव्या हिश्श्यापलीकडे, म्हणजे दीड मिलिमीटरपलीकडे गेली की पावलं चुकायला लागतात. वरच्या फांदीवरून पाडाचा आंबा छत्रीवर पडून पोचा आला, तर तो नुसता पोचा राहत नाही. तेवढ्या भागाची लहर उशिरा किंवा लवकर पोचते आणि बाकीच्यांचं काम बिघडवते.

या छत्र्यांची नजरही दिसते तशी नसते. बघणाऱ्याला वाटतं, ही जेमतेम डोंगराच्या माथ्यावर बघते आहे. प्रत्यक्षात ती बघत असते क्षितिजापासून अठ्ठावन्न अंश वर. मोठ्या वाडग्याच्या एका बाजूचा तुकडा कापून घ्यावा तसा तिचा आकार असतो, म्हणून पुढची दांडी आणि तिच्यावरचा लहर टिपणारा एलएनबी तिच्या नजरेत येत नाहीत. हे ठाऊक नसलेला माणूस समोरचं सागाचं झाड छाटतो आणि वरच्या आंब्याची फांदी मात्र तशीच ठेवतो.

खरी परीक्षा जूनमध्ये. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस सरींनी सुरू होतो आणि मग दिवसच्या दिवस कोसळतो. काही मिलिमीटरचे थेंब आणि अडीच सेंटिमीटरची लहर यांची मापं एकमेकांना फार जवळची. थेंब लहरीला शोषतात, वाट्टेल तिकडे उधळतात. शिवाय पाऊस स्वतः उबदार असतो, आणि उबदार असलेली प्रत्येक गोष्ट आपल्या परीने रेडिओलहरी सोडते. म्हणून मुसळधार पावसात क्षीण सिग्नल आणखी क्षीण होतो आणि त्यात भोवतालची गडबड मिसळते. सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक प्रतीची. लोक पहिली बघतात. पावसात पहिली कितीतरी वेळा जागची हलत नाही, कारण तिला सिग्नल आणि गडबड दोन्ही सारखीच. खाली येते ती दुसरी. आणि डिजिटल चित्राला धूसर होणं माहीत नाही. जुन्या अँटेनावर मुंग्यांतून माणूस दिसायचा. इथे चित्राचे चौकोन फाटतात आणि पडदा काळा होतो. ज्या संध्याकाळी माळशेजात दरड आली का, भातसा धरणाचे दरवाजे उघडले का, हे कळायला हवं असतं, नेमक्या त्याच संध्याकाळी.

आमच्या घरी हे दर पावसाळ्याचं झालं होतं. भाचा डिश बसवण्याची कामं करतो. त्याला म्हटलं, मोठी छत्री आणू. तो म्हणाला, “मामा, मोठी नंतर. आधी आहे ती सरळ करू.” आणि त्याने पिशवीतून काढला तो गवंड्याचा ओळंबा. छत्रीचा खांब जर तंतोतंत उभा नसेल तर ती डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत राहते. मग एक साधावं तर दुसरं सुटतं. त्याने खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावला, पट्ट्या घालून खांब उभा केला, तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. मग एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण पाहिलं. उन्हाने ते तडकलं होतं आणि आत कुंभारणीने मातीचं घर घातलं होतं. केबलचं टोक सोललं तर तांब्याची तार हिरवी पडलेली. त्याने नवा एफ कनेक्टर चढवला, वरून रबरी टेप गुंडाळली आणि केबल घरात शिरण्याआधी तिचा खाली लोंबता वळसा ठेवला, म्हणजे पाणी ओघळून वळशाच्या तळाशी गळेल, आत येणार नाही.

मग पाना घेऊन त्याने नट अर्धवट सैल केले. छत्री केसभर उजवीकडे, थांबायचं, आकडा बघायचा. डिजिटलमध्ये उत्तर उशिरा येतं. घाईने फिरवणारा बरोबर जागा ओलांडून पुढे जातो. डावी-उजवी झाली, मग वर-खाली, मग एलएनबी त्याच्या पकडीतच थोडा थोडा फिरवला, कारण लहरीला आडवी-उभी अशी बैठक असते आणि तिच्या बैठकीला आपली बैठक जुळावी लागते. प्रतीची पट्टी चढत गेली. नवं काही विकत न आणता, केवळ नीट केल्याने.

मोठी छत्री त्यानंतर आली. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची. व्यास दीडपट, म्हणजे क्षेत्र सव्वादोनपट. पन्हाळ रुंद झाली. मला वाटलं होतं, मोठी छत्री म्हणजे तिला जास्त आभाळ दिसणार. भाच्याने सांगितलं ते उलट. साठची छत्री आभाळातला सुमारे तीन अंशांचा तुकडा बघते, नव्वदची दोनच अंशांचा. मोठी छत्री कमी बघते आणि खोल बघते. म्हणून ती बसवायला अवघड, म्हणून वाऱ्याने ती अंशभर हलली तरी चालत नाही. आता जोराच्या सरीत चित्र टिकतं. अगदी आभाळ फाटल्यासारखा कोसळला तर अजूनही जातं, पण थोडाच वेळ. पावसाला हरवता येत नाही. त्याच्यापुढे टिकून राहायची ताकद वाढवता येते.

आमच्या परसात बंद पडलेल्या केबलवाल्याची आठ फुटी जाळीची छत्री होती. तिच्यावर कारल्याचा वेल चढलेला. एवढी मोठी छत्री फुकट पडली आहे, तीच का लावू नये, असं मी विचारलं. तर जाळीचंही गणित आहे. जाळीची भोकं लहरीपेक्षा बरीच लहान असली तर लहरीला ती जाळी भिंतीसारखी लागते. केबलवाल्याची लहर सी बँडची, साडेसात सेंटिमीटरची. तिला ती जाळी पुरत होती. आपली केयू बँडची अडीच सेंटिमीटरची लहर तिच्यातून बरीचशी निसटून जाते, आणि जाळीच्या आकारातली ढिलाईही तिला खपत नाही. याच हिशोबावर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही नेला होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या, वर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, आणि लहर पस्तीस सेंटिमीटरची. जाळी स्वस्त, हलकी, वारा तिच्यातून निघून जातो. लहर ओळखली की साहित्य कोणतं घ्यायचं ते आपोआप ठरतं.

हे सगळं छपरावर पाहत असताना माझ्या मनात सारखं कल्याण येत होतं. आम्हाला सुटा भाग हवा असला की आम्ही कल्याणला जातो; वाण्याच्या मालापासून मोटारीच्या पंपापर्यंत सगळं तिथूनच. पण भारताची एक अगदी सुरुवातीची रेडिओ दुर्बीण याच कल्याणला उभी होती, ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. फार पुढे, एका लेखात वाचली, आणि तेव्हापासून ती मला सोडत नाही.

गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला शिकायला गेले होते. तिथे पॉट्स हिल या ठिकाणी शास्त्रज्ञ क्रिस्तियानसेन यांनी सूर्याचा अभ्यास करायला सहा-सहा फुटी छत्र्यांची रांग मांडली होती. तिचं तिथलं काम संपत आलं होतं, आणि स्वरूप यांनी त्या ३२ छत्र्या भारताला मागितल्या. त्या मिळाल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आल्या आणि बरीच वर्षं नुसत्या पडून राहिल्या. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ मध्ये परदेशातून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, छत्र्या त्यांच्याकडे आल्या, आणि १९६५ मध्ये कल्याणला त्या उभ्या राहिल्या. २४ छत्र्या पूर्व-पश्चिम, ६३० मीटरच्या ओळीत. ८ छत्र्या दक्षिणोत्तर, २५६ मीटरच्या ओळीत. सिडनीत त्या १४२० मेगाहर्ट्झवर ऐकत होत्या. इथे त्यांना ६१० मेगाहर्ट्झवर ऐकायला लावलं. परक्या देशात काम संपलेल्या छत्र्यांना नवा कान बसवला.

सहा फूट. केबलवाल्याच्या जाळीच्या छत्रीहूनही लहान. एकट्या छत्रीला सूर्य नुसता एक ढोबळ ठिपका वाटला असता. ३२ जणींचं ऐकलेलं एकत्र जुळवलं तेव्हा सूर्यबिंबाच्या दहाव्या हिश्श्याइतकं बारीक दिसू लागलं. सूर्य शांत असताना या लहरींत त्याच्या कडा मधल्या भागापेक्षा उजळ असतात आणि त्याच्या प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, हे तिथे मोजलं गेलं. १९६८ पर्यंत ते काम चाललं. तिथे हात बसलेल्या मुलांनी पुढे उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली, १९७० मध्ये. आणि त्यानंतर खोडद.

खोडदला जायचं तर आम्ही किन्हवलीहून सरळगावला निघतो. तिथे कल्याण–नगर रस्ता लागतो. उजवीकडे मुरबाड आणि कल्याण, डावीकडे टोकावडे, माळशेज, घाट चढून ओतूर आणि पुढे नारायणगावचा टापू. एका टोकाला कल्याणची ती रेडिओ दुर्बीण होती, दुसऱ्या टोकाजवळ, खोडदला, जीएमआरटी ही महादुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात मांडलेल्या. नारायणगावजवळच आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र झालं. आमच्या भाजीचे टेंपो ज्या रस्त्याने येतात त्याच रस्त्याच्या कडेकडेने या देशाने आभाळ ऐकायला शिकून घेतलं.

खोडदच्या छत्र्या जवळून पाहिल्या तर छातीत काहीतरी हलतं. एवढ्या प्रचंड, आणि त्यांच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. त्या पत्र्याच्या नाहीत. ताणलेल्या दोरांवर शिवलेल्या जाळीच्या आहेत. मध्यभागी दहा मिलिमीटरची भोकं, मग पंधरा, कडेला वीस. त्यांना ऐकायच्या लहरी एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब. एवढी जाळी पुरते, वजन कमी होतं, वारा निघून जातो, खर्च आवाक्यात राहतो. कारल्याच्या वेलाखाली बसलेल्या जाळीचं गणित आणि हे गणित एकच. फक्त इथे ते इतक्या धैर्याने मांडलं की जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीचे तास मागायला येतात.

दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास, आमच्या गावातली फ्री डिश काही मिनिटं बंद पडते. आभाळ निरभ्र असतं. तेव्हा सूर्य चालत चालत बरोबर त्या उपग्रहाच्या मागे आलेला असतो. छत्रीला दोघांत निवड करता येत नाही. ती दोघांनाही ऐकते, आणि सूर्याचा आवाज इतका मोठा की उपग्रहाचं बोलणं त्यात बुडून जातं. भाच्याला त्या दिवसांत फोनवर फोन येतात. तो सगळ्यांना शांतपणे सांगतो, “दहा मिनिटं थांबा, आपोआप येईल.” मला वाटतं, त्या दहा मिनिटांत आपल्या छपरावरची छत्री तेच काम करत असते जे कल्याणच्या छत्र्यांनी तीन वर्षं केलं. ती सूर्य ऐकत असते. आपण त्याला व्यत्यय म्हणतो, कारण आपल्याला मालिका हवी असते. ज्यांना सूर्य हवा होता त्यांच्यासाठी तोच व्यत्यय हा सगळा मजकूर होता.

म्हणून भाच्यासारख्या मुलांना कुणी ‘डिशवाला पोरगा’ एवढंच म्हटलं की मला ते बोचतं. खांबाला ओळंबा लावणारा, केसभर फिरवून उत्तराची वाट बघणारा, गडबड कोणती आणि मजकूर कोणता हे पट्टीवरून ओळखणारा हा मुलगा विज्ञानाच्या दाराबाहेर उभा नाही. कल्याणला ३२ छत्र्या उभ्या करणाऱ्यांनीही हेच केलं होतं: खांब सरळ, जोड घट्ट, पाणी बाहेर, नजर नेमकी. त्यांच्या हाताशी शिक्षण, संस्था आणि प्रश्न होते. आमच्या मुलांच्या हाताला कसब आहे. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवायचे आहेत.

ते पोचवणं महाग नाही. कुठल्याही घरी एखादी टाकून दिलेली साठची छत्री सापडते. रंगवलेली घ्यावी, चकचकीत नको, नाहीतर उन्हाने एलएनबी वितळेल. तिच्या एलएनबीला जोडायचा डिशवाल्यांच्या पिशवीतला सॅटफाइंडर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काट्याचा मीटर. छत्री मोकळ्या आभाळाकडे करावी, काटा खाली राहतो. आभाळ थंड आहे. शाळेच्या भिंतीकडे करावी, काटा चढतो. भिंत उबदार आहे. एखाद्या मुलाने एलएनबीसमोर तळहात धरावा, काटा चढतो, आणि आपल्या अंगातूनही रेडिओलहरी निघतात हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मग छत्री सूर्याकडे वळवावी. काटा उसळी घेतो, आणि पृथ्वी फिरते तसा सूर्य नजरेतून सरकला की हळूहळू खाली येतो. एका मुलीने दर मिनिटाला आकडा लिहायचा, दुसरीने आलेख काढायचा. तो त्या वर्गाचा स्वतःचा पहिला सूर्याचा आलेख.

येत्या मार्चमध्ये हे किन्हवलीत करायचं आम्ही ठरवलं आहे, आणि शिकवायला उभा राहणार आहे भाचा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या प्रत्येक हायस्कुलाने हे करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि त्या दिवशी फळ्यावर पहिली ओळ लिहावी ती ही, की भारतातल्या सुरुवातीच्या एका रेडिओ दुर्बिणीने सूर्य ऐकला तो आपल्या ठाणे जिल्ह्यात, सहा फुटी जुन्या छत्र्या नीट करून.